दहाव्या माणसाच्या शोधात: दादर ते परळ, व्हाया गिरगाव

मुंबईच्या भुयारी मेट्रोत पोलादाची बाकं बसवली आहेत, याचा मी अत्यंत गांभीर्याने निषेध नोंदवतो. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली त्याला बसायचा अवयव नसावा, किंवा असलाच तर तो योगी पुरुषाचा असावा. गाडी निघाली की माणूस एका शेजाऱ्याकडे घसरतो, थांबली की दुसऱ्याकडे. गेल्या शनिवारी सकाळी सव्वासहाला दादरहून गिरगावला जाताना मी डावीकडच्या सद्गृहस्थांच्या अंगावर दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला त्यांनी अतिशय सौम्यपणे विचारलं, "तुम्हाला उतरायचं कुठे आहे?"

बाकी प्रवासाबद्दल तक्रार नाही. पंचवीस मिनिटं, चाळीस रुपयांच्या आत तिकीट, आणि गिरगावात वर आलात की पहिला वास डिझेलचा आणि दुसरा साबुदाणा वड्याचा. सात वाजता पहिला घाणा निघतो. दोन वडे, दाण्याची चटणी आणि वर पीयूष असा नाश्ता करून माणूस प्रार्थनेला जायला योग्य होतो. निदान मी तरी होतो.

प्रार्थना माझी नव्हती. मी गिरगावातल्याच एका पाठशाळेत संस्कृत शिकलो आणि पुढे बत्तीस वर्षं वार्ताहरकी केली. त्यामुळे देवाबद्दल मला बरीच माहिती आहे, ओळख नाही. प्रार्थना होती विश्वासच्या मंडळीची. विश्वास हा आमच्या दैनिकाचा निवृत्त छायाचित्रकार आणि गिरगावातल्या एका छोट्या मराठी चर्चचा चिटणीस. आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"पंडित, ठराव झालाय. ज्यू बांधवांसाठी एकात्मतेची प्रार्थना. नुसती आपल्या चर्चमध्ये नाही, त्यांच्या जागी जाऊन. परळला, रूबेनमामांकडे. तू चल आणि ब्लॉगवर लिही."

आता रूबेनमामा. आमच्या छापखान्यात ते शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि पुढे खिळे गेले तेव्हा मुद्रितं तपासायचे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ गाव अलिबागच्या अलीकडे. माझ्या मराठीतल्या चुका त्यांनी तीस वर्षं लाल शाईने काढल्या आणि तरीही मला घरी जेवायला बोलावलं. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ त्यांचा शब्बाथ, काम न करण्याचा वार, म्हणून शुक्रवारी दिवेलागणीच्या आत ते निघायचे म्हणजे निघायचे. संपादकांनी एकदा मंत्रिमंडळ कोसळल्याची बातमी आहे म्हणून थांबायला सांगितलं, तर म्हणाले, "ते शनिवारी संध्याकाळीही कोसळलेलंच असेल."

मामांचे थोरले भाऊ अब्राहम गेल्या वर्षी वारले. त्या शनिवारी त्यांचं वर्षश्राद्ध होतं म्हणा. भावाच्या नावाने मामांना कद्दीश म्हणायचं होतं, आणि ती प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही, त्याला दहा माणसं हजर लागतात. अब्राहमभाऊंना मूलबाळ नाही. म्हणणारे मामाच. परळच्या त्यांच्या प्रार्थनालयात मात्र आता शनिवारी जेमतेम नऊजण जमतात. विश्वासने प्रार्थनेचं विचारलं तेव्हा मामा त्याला एवढंच म्हणाले होते, "या की. आम्ही नऊच आहोत, दहावा कुठे मिळाला तर बघ."

विश्वास छाती फुगवून मला म्हणाला, "मी म्हटलं, मामा, दहा कसले, चाळीस आणतो!"

मी त्याला शाबासकी दिली. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्याला हसलो आहे.

वाचकांपैकी चाणाक्षांनी एव्हाना विचारलं असेल की दादरहून परळ चालत अर्ध्या तासावर असताना हा मनुष्य गिरगावला कशाला गेला. मीही तोच प्रश्न केला होता. उत्तर आलं की एकात्मता दाखवायची तर सगळ्यांनी एकत्र निघायला हवं. तेव्हा मी आधी दक्षिणेला गेलो आणि मग दोन टेंपो ट्रॅव्हलरमधून, माणशी दीडशे रुपये वर्गणी देऊन, उत्तरेला परत आलो. दिग्विजय असेच होतात.

सामान पुढीलप्रमाणे: एक हार्मोनियम, दोन टाळ, एक ढोलकी, 'आम्ही तुमच्यासोबत आहोत' असा आठ फुटी फलक, विश्वासचा कॅमेरा, आणि पाळकसाहेबांनी लिहून आणलेली चौदा पानी प्रार्थना. पाळकसाहेब मूळचे नगरचे. मनाने मऊ, आवाजाने भरभक्कम. टेंपोत त्यांनी पहिली दोन पानं वाचून दाखवली. त्यात इतिहास होता, भूगोल होता, अनेक राज्यकर्त्यांसाठी सद्बुद्धी होती.

मागच्या सीटवरून रूथने हात वर केला. ही पंचविशीची मुलगी परळच्या इस्पितळात नर्स आहे. रात्रपाळी करून थेट आली होती.

"पाळकसाहेब, यात गाझातली मुलं कुठल्या पानावर येतात?"

मग पुढून कुणीतरी म्हणालं, "बाळ, आजचा विषय तो नाही ना."

"मुलं कधी विषय असतात का, काका? आमच्या वॉर्डात आलेलं पोर कुणाचं, हे आम्ही आधी विचारत नाही. तिथल्या ज्यू पोरांसाठी म्हणायचंय, तसंच त्यांच्यासाठी."

मला वाटलं, आता भायखळ्यापर्यंत वाद चालणार. वार्ताहराचे कान टवकारले. पण पाळकसाहेबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि सातव्या पानाच्या समासात काहीतरी लिहिलं. वाद न झाल्याने माझी घोर निराशा झाली.

परळला पोहोचलो तेव्हा आठ वाजत होते. प्रार्थनालय एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. नेमका पत्ता देत नाही, आणि तुम्हीही विचारू नका. खाली पोलिसांची चौकी आहे, बारा महिने चोवीस तास. जाणाऱ्यांसाठी सूचना: आधी फोन करून परवानगी घ्या, आधार कार्ड बरोबर ठेवा, डोकं झाका. सहल म्हणून शनिवारी मुळीच जाऊ नका. आमच्या चाळीसजणांची आधार कार्डं बघता बघता हवालदारांचा चहा निवला.

"मोर्चा आहे का?"

"नाही हो, प्रार्थना," विश्वास म्हणाला.

"सगळे एकाच बाजूचे?"

"आम्ही ख्रिस्ती. वरचे ज्यू. आणि हे," माझ्याकडे बोट, "पंडित."

हवालदारांनी माझं कार्ड दोनदा पाहिलं. फलक मात्र गुंडाळूनच ठेवायला सांगितला. लोक जमतील, म्हणाले. चाळीसजण उभे होते, ते लोकांत धरलेले नव्हते.

वर रूबेनमामा दारात उभे. एक्याऐंशी वर्षं, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. त्यांनी आधी हार्मोनियम पाहिली.

"ही पेटी कुणाची?"

"आमची. दोन गाणी बसवलीयत मामा."

"आज शब्बाथ. आज वाजवत नाहीत."

पेटी खाली गेली. पाठोपाठ टाळ गेले, ढोलकी गेली. मग मामांची नजर विश्वासच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे वळली आणि विश्वासचा चेहरा असा झाला, की चाळीस वर्षांत त्याने काढलेला एकही फोटो इतका बोलका नसेल. चाळीस मोबाइल बंद झाले. एकात्मता होणार, आणि तिचा फोटो निघणार नाही! मंडळीतल्या दोघातिघांच्या श्रद्धेची तिथे खरी कसोटी लागली.

आम्ही मागच्या बाकांवर बसलो, बायका एका बाजूला. लाकडी बाकं, मेट्रोपेक्षा कितीतरी सुखाची. मामा पुढे उभे राहून मोजू लागले. त्यांच्यात माणसं सरळ मोजत नाहीत, अशुभ मानतात. म्हणून ते म्हणत होते, "एक नाही, दोन नाही, तीन नाही..." बोट एकेका म्हाताऱ्यावरून सरकत गेलं. "नऊ नाही." आणि थांबलं.

विश्वास उभा राहिला. "मामा, पुढे मोजा ना! आम्ही आहोत की."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. लाल शाईने चूक काढायच्या आधी पाहायचे, तसं.

"विश्वास, दहा ज्यू लागतात रे. जाणते पुरुष."

"पण आमच्यात दोघंतिघं जमले तरी पुरतं..."

"तुमच्यात पुरतं. बरं आहे तुमचं."

विश्वास बसला. चाळीस माणसं बसलेली, आणि खोलीत एक माणूस कमी. मी आत्ता खवचटपणे लिहितोय खरा, पण पाठशाळेत आठ वर्षं घालवलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. श्राद्धाला जेवायला गाव येईल, पण क्षण, म्हणजे श्राद्धाचं आमंत्रण, द्यायचा तो ब्राह्मणालाच, आणि पितृपक्षात तो दादरमध्ये मिळत नाही म्हणून मी स्वतः वडिलांची तिथी दोनदा पुढे ढकलली आहे. कर्माला गर्दी चालत नाही, अधिकार लागतो. विश्वासला शाबासकी देणारा मीच.

"साडेदहापर्यंत वाट बघू," मामा म्हणाले. "नाहीतर राहिलं. अब्राहमला सवय होती, माझी वाट बघायची."

पुढच्या बाकावरचे एक आजोबा पुटपुटले, "हायम असता तर झालंच असतं."

हायमकाका म्हणजे गिरणीतले जुने जॉबर. साच्यांवरच्या, म्हणजे मागांवरच्या, कामगारांची पाळी लावणारे. वय चौऱ्याऐंशी, राहणार लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेले आणि आठ महिने खाली उतरले नाहीत. इथून लालबाग चालत पंधरा मिनिटं.

"गाडी पाठवू," विश्वास उठलाच.

"शनिवारी तो वाहनात बसत नाही. मरेल पण बसणार नाही."

रूथने विचारलं, "घरी हातांची खुर्ची आहे का त्यांच्याकडे?"

पुढचा पाऊण तास हा या प्रवासातला सर्वांत नयनरम्य टप्पा. आम्ही सातजण लालबागकडे निघालो. उड्डाणपुलाच्या सावलीतून जाताना मसाल्याच्या दुकानांतून भाजलेल्या मिरच्यांचा खकाणा आला आणि पाळकसाहेब ओळीने नऊ वेळा शिंकले. जाणाऱ्यांनी तिथून मालवणी मसाला जरूर घ्यावा, पावकिलोपासून मिळतो.

हायमकाका कोट घालून दाराशी खुर्चीतच बसले होते. दर शनिवारी असेच बसतात, असं शेजारणीने नंतर सांगितलं. विश्वासने सगळं समजावलं. काकांनी ऐकून घेतलं.

"मी तुम्हाला उचला असं म्हणणार नाही," ते म्हणाले. "आज कुणाला काम सांगता येत नाही मला."

"मग काय करायचं, काका?"

"मी काय सांगू? खुर्ची इथे आहे. मी खुर्चीत आहे. दार उघडं आहे." मग जरा थांबून, "पुढचे दोघे उंचीला सारखे असलेले बरे असतात. हे मी जनरल बोलतोय."

उचलली. रूथ पुढे, उलट्या पावलांनी जिना उतरत: "काका, हात आत. पंडितकाका, तुमचा पाय, पाय! पाय म्हणजे खुर्चीचा." मागचा डावा पाय माझ्या वाट्याला आला होता. व्याकरण, न्याय आणि थोडी मीमांसा शिकलेल्या माणसाला प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय धरता येत नाही, हे तीन मजल्यांत सर्वांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या मजल्यावर एक मालवणी बाई दारात आडव्या आल्या. "अगो बाय माझे! काकांक खंय व्हरतास?"

"प्रार्थनेक," काकाच म्हणाले.

"असा हातार व्हरतत काय माणसाक? पडले तर?" त्या आत गेल्या, जुनं लुगडं घेऊन आल्या आणि काकांना कमरेशी खुर्चीला बांधून टाकलं. "आता जावा. आणि दुपारपर्यंत परत हाडून देवा, मी भात ठेवलंय."

रस्त्यावर आलो आणि लालबागचं जे व्हायचं ते झालं. या भागात चार माणसांनी काहीही खांद्याजवळ उचललं की आपोआप वाट मोकळी होते. टॅक्सीवाल्यांनी हॉर्न थांबवले. केळीवाल्याने हात जोडले. एका तरुणाने बाइक थांबवून विचारलं, "कुठलं मंडळ?"

"इस्रायलचं," खुर्चीतून उत्तर आलं. "तू कुठला?"

"गणेशगल्लीतला."

"मग धर एक पाय. हा भटजी दमलाय."

त्याने बाइक लावली आणि खरंच माझा पाय धरला. काम सांगायला बंदी असल्याचं काकांच्या त्या क्षणी लक्षात नसावं. मी आठवण करून दिली नाही.

प्रार्थनालयाचा जिना चढून खुर्ची दारात टेकली तेव्हा सव्वादहा झाले होते. काकांनी चौकटीवरच्या, आत धर्मवचन ठेवलेल्या छोट्या डबीला बोटं लावून ओठांना नेली. मामा समोर उभे होते.

"उशीर केलास, हायम."

"आठ महिने. गुडघ्यांना विचार."

मामांनी पुन्हा मोजायला घेतलं. "आठ नाही. नऊ नाही." आणि मग जरा चढ्या आवाजात, "दहा नाही!"

मूळ प्रार्थना पुढे गेली. भाषा मला येत नाही, पण पाठांतराची लय ओळखता येते. पाठशाळेत आम्ही असेच झुलायचो. शेवटी मामा एकटे उभे राहिले आणि कद्दीश म्हणू लागले. तिच्यात मृत्यूचा उल्लेखच नसतो म्हणे. मेलेल्याच्या नावाने उभं राहायचं आणि फक्त देवाची थोरवी म्हणायची. मध्येमध्ये जमलेल्यांनी उत्तर द्यायचं असतं. पहिल्या वेळी पुढच्या बाकांवरून नऊ थकलेले आवाज आले, "आमेन."

हा एक शब्द मागच्या बाकांना पाठ होता. दुसऱ्या वेळी चाळीसजणांनी म्हटला. कुणी ठरवलं नव्हतं. पेटी नाही, फलक नाही, नुसता शब्द. खिडकीची तावदानं हलली असं लिहिण्याचा मोह होतो, पण ती बसमुळेही हलतात. तिसऱ्या वेळी मीही म्हटलं. अधिकार नसताना.

नंतर काळ्या मनुकांचं सरबत आणि चपाती. पाळकसाहेब सरबताचा पेला हातात धरून मामांसमोर उभे राहिले.

"मामा, आमच्या लोकांनी शतकानुशतकं तुमच्या लोकांचा छळ केला. त्याची क्षमा मागायची होती."

"तुम्ही केलात?"

"म्हणजे... आमच्यातल्यांनी. तिकडे, युरोपात."

"तुम्ही नगरचे ना?"

"हो."

"मग झालं. कोकणात आम्हाला कुणी त्रास दिला नाही, नगरकरांनी तर नाहीच." मग हात पुसत म्हणाले, "ती चौदा पानं राहू द्यात. माझं बरं चाललंय. ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांच्यासाठी म्हणा. दोन्हीकडच्या."

पाळकसाहेबांनी पानं खिशातच ठेवली. डोळे मिटून एवढंच म्हणाले, की प्रभू, ज्यांच्या दाराशी पहारा लागतो त्यांना तो लागू नये असं कर, आणि ज्या मुलांना आज घर नाही त्यांना घर दे. रूथने सर्वांत मोठ्याने आमेन म्हटलं आणि मग तिथेच बसल्या बसल्या झोपली.

हायमकाकांना दुपारी दीडच्या आत परत पोहोचवलं, भाताच्या वेळेला. विश्वास सबंध वेळ पुढच्या पायाला होता. त्याच्या दोन्ही तळव्यांना फोड आलेत आणि तो ते सगळ्यांना दाखवतोय. एकात्मतेचा पुरावा म्हणून फोटोपेक्षा बरा. मंडळीत आता दर शनिवारी खुर्चीची पाळी लावायचा ठराव येणार आहे. पाळी काका लावून देणार आहेत, अर्थात रविवारी.

मी मामांबरोबर खालपर्यंत आलो. चौकीशी थांबून ते म्हणाले, "पंडित, माझी मुलगी बोलावतेय, इस्रायलला. अश्दोदला. कागद झालेत. आता अब्राहमचं वर्षही झालं. तिथे रॉकेटचा सायरन वाजला की चौदा पायऱ्या उतरून खाली खोलीत जायचं असतं, ती सांगते. नव्वद सेकंदही मिळत नाहीत कधी. माझे गुडघे अजून बरे आहेत. पण तिथे शनिवारी दहा मोजावे लागत नाहीत रे. दोनशे असतात." त्यांनी टोपी सारखी केली. "जाऊ का? तू सांग."

मी म्हटलं, "मामा, तिथे मराठीत चुका कोण करणार तुमच्यासाठी?"

ते हसले. माझा दंड दाबला आणि जिना चढून गेले. मी परळहून दादरला चालत आलो, एकवीस मिनिटांत. घरी आल्यावर जेवलो, झोपलो, उठून हा मजकूर लिहायला घेतला. गंमत सगळी आठवत होती, ती सगळी लिहिली.

आता जे आहे ते सांगतो. मामा अश्दोदला गेले तर परळला पुन्हा नऊच उरतील, हायमकाकांना दर शनिवारी खांद्यावर आणलं तरी. ते राहिले तर एका शनिवारी खोलीत त्यांच्या नावाच्या कद्दीशला उभं राहायला दहाजण नसतील. आणि गेले, तर चौदा पायऱ्या आहेत, आणि ते एक्याऐंशीचे आहेत. 'जा' म्हणायचा मला धीर होत नाही. 'राहा' म्हणावं तर त्यांना देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. त्यांनी तीस वर्षांत मला पहिल्यांदा काही विचारलं होतं, आणि मी विनोद केला. आज बुधवार. मी अजून त्यांना फोन केलेला नाही.